क्रेनरोबोचा अडलेला खांदा

मित्रांनो, मी एक जुना, डाव्या खांद्याने अधू झालेला रोबो आहे. निदान आत्ता तरी रोबो आहे. माझे पाय दुमडले, डोकं छातीत सारलं आणि दोन्ही हात पाठीमागे नेऊन जोडले, की मी क्रेनची पिवळी गाडी होतो. मग मी खरा कोण? गाडी झालेला रोबो, की रोबो झालेली गाडी? फळीवर बसून बसून मी याचा फार विचार केला, पण उत्तर काही सापडलं नाही. तुम्हाला सापडलं तर मला जरूर कळवा.

माझा जन्म कारखान्यात नाही, एका घरातल्या जेवणाच्या टेबलावर झाला. खेळणी बनवणाऱ्या एका कंपनीत एक मुलगी नव्याने कामाला लागली होती आणि नोकरीसाठी काका-काकूंकडे राहायला आली होती. मला घडवलं ते तिने. मी तिला ताई म्हणतो. संध्याकाळी जेवणं उरकली, की ती टेबल पुसायची आणि माझे सगळे भाग मांडून बसायची. कानशीने घासायची, बिजागरी बसवायची, वैतागून परत काढायची. माझं पहिलं डोकं इतकं मोठं झालं होतं, की मला उभं केलं की मी तोंडावर आपटायचो. हसताय काय? तुमचंही लहानपणी तसंच होतं.

काका समोर बसून हे सगळं बघत राहायचे. मधेच मला उचलून तेही उलटसुलट करायचे. शेजारच्या खोलीत काकूंचं शिवणयंत्र चाललेलं असायचं. काकू लोकांचे कपडे शिवत. बोलता बोलता, न बघता सुईत दोरा ओवणारी बाई ती! बारीक मणी लावायचे असोत की जाळीदार कापड सांधायचं असो, गिऱ्हाइकं डोळे मिटून त्यांच्याकडे यायची.

"हा बाजारात आला ना काकू," ताई एकदा म्हणाली, "तर पुढचं खेळणं मला माझं मला करू देतील. नाहीतर आहेच मग, दुसऱ्यांच्या चित्रांत रंग भरत बसायचं."

तेव्हा मला कळलं, की या मुलीचं सगळं माझ्यावर अवलंबून आहे. माझी छाती फुगली आणि धास्तीही वाटली.

आता खरी गंमत ऐका. काका त्याच कंपनीत तपासणीच्या खोलीत होते. त्यांना सगळे तोडकाका म्हणत, कारण नवीन खेळणं आलं की ते मोडेल कसं, हे शोधायचं हेच त्यांचं काम. माझा नमुना तयार झाला तेव्हा साहेबांनी विचारलं, "तुमच्या घरचं खेळणं आहे. दुसऱ्या कुणाकडे देऊ का?"

"माझ्याकडेच द्या," तोडकाका म्हणाले. "घरचं आहे म्हणून दोनदा जास्त आपटीन."

आणि आपटलं हो! टेबलावरून खाली, उताणं, पालथं, डोक्यावर. माझ्या हातांना वजनं टांगली. ओल्या फडक्याने रंग चोळून पाहिला. माझा कुठला तुकडा सुटून लहान बाळाच्या घशात अडकेल का, हे एका नळीत घालून पाहिलं. कडांवरून बोट फिरवून कुठे टोचतं का तेही बघितलं. मला दुखत होतं, पण खोटं कशाला बोलू, कौतुकही वाटत होतं. माझ्याकडे इतकं निरखून कोण बघणार होतं? मला तर वाटू लागलं, की आपल्यात अजून काय काय आहे ते यांनाच विचारावं.

नुसतं न मोडणं पुरेसं नसतं, हेही मला तिथेच कळलं. तोडकाका मला गाडी करून डोळ्यांसमोर धरत आणि फटी शोधत. "गाडी झाल्यावर रोबो दिसता कामा नये," ते खोलीतल्या इतरांना सांगत, "आणि रोबो झाल्यावर गाडी साफ विसरताही कामा नये. नाहीतर मुलं दोन वेगळी खेळणी नाही का घेणार?" मग मला कसं वळवायचं ते स्वतः करून दाखवत. पाहून पाहून खोलीतले सगळेच पटापट मला वळवू लागले. सगळ्यांनी मान डोलावली. मी पास झालो. ताईचा जीव भांड्यात पडला. आठवड्याच्या सुरुवातीला माझे साचे कारखान्यात जाणार होते.

त्याच्या आदल्या दिवशी सुट्टी होती. ताईने कौतुकाने मला खोक्यात घालून घरी आणलं होतं. सोबत आकृत्यांचा कागदही होता. दुपारी काकूंनी यंत्र बंद केलं आणि म्हणाल्या, "बघू तरी, आमच्या पोरीने केलंय काय एवढं." इतके दिवस शेजारच्या खोलीत असूनही त्यांनी मला कधी हात लावला नव्हता.

त्यांनी कागद समोर ठेवला आणि एकेक आकृती बघत मला वळवायला सुरुवात केली. पाय दुमडले. डोकं आत गेलं. कसे हलके हात होते सांगू! मग डावा खांदा मागे न्यायची वेळ आली आणि मी अडलो. काकूंनी चष्मा लावला. कागद पुन्हा पाहिला. कागदावर होतं तसंच त्या करत होत्या. त्यांनी जरासा जोर लावला, आणि माझ्या खांद्यातून कट्ट असा आवाज आला.

"मोडलं माझ्याकडून," काकू म्हणाल्या आणि त्यांनी दोन्ही हात पटकन मांडीवर लपवले. एवढी मोठी बाई, पण ओरडा खाणाऱ्या मुलासारखी बसली.

काका धावत आले. "अगं, तसं नाही. हे बघ, असं." त्यांनी माझा उजवा हात अलगद मागे नेला.

"हे 'असं' कागदावर कुठे आहे हो?" काकूंनी विचारलं. टोमणा नव्हता तो. त्या खरंच शोधत होत्या.

काकांनी कागद पाहिला. मग स्वतःचे हात पाहिले. त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. मित्रांनो, तुमच्या लक्षात आलं का? रोज संध्याकाळी ताईला बघून काकांचे हात शिकले होते. काकांना बघून तपासणीच्या खोलीतले सगळे शिकले होते. डोळ्यांत तेल घालून सगळ्यांनी मला तपासलं, पण नुसता कागद घेऊन, कुणी न दाखवता, मला एकानेही वळवलं नव्हतं.

"काकूला सवय नाही, काका," ताई म्हणाली. "मुलं पटकन शिकतात. उद्या साचे जायचेत. आता नका ना काही काढू."

काकांनी कागदाची घडी करून खिशात घातली. दुसऱ्या दिवशी कंपनीत गेले आणि त्यांनी मला नापास केलं.

मग घरात जो अबोला सुरू झाला, तो काही विचारू नका. ताई काकांशी बोलेना. जेवताना फक्त वाढण्याचा आवाज. मला खोक्यात टाकून खोकं कपाटावर ठेवलं होतं. मी तिथूनच सगळं ऐकत होतो. ताईचा मला राग आला नाही. तिचं स्वप्न होतं ते, आणि ते माझ्याच खांद्यात अडलं होतं.

एका संध्याकाळी दारात एक गिऱ्हाईक आलं. एका बाईंना लेकीच्या झग्यावर मणी लावून हवे होते. काकू म्हणाल्या, "बारीक काम नको हो आता. माझी बोटं पूर्वीसारखी राहिली नाहीत."

ताई टेबलाशीच बसली होती. हातातलं काम तसंच टाकून ती उठली. तिने मला कपाटावरून काढलं आणि काकूंना समोर बसवलं.

"काकू, मी याचा चांगला हात वळवते. तू रोबोकडे बघू नकोस. माझ्या हातांकडे बघ."

काकू आधी नाहीच म्हणत होत्या. मग बघू लागल्या, शिवण तपासावी तशा. ताईने एकदा वळवलं. दुसऱ्यांदा वळवलं.

"थांब," काकू म्हणाल्या. "तुझा अंगठा तिथे काय करतोय?"

ताईने खाली पाहिलं. तिचा अंगठा माझ्या छातीवरची झडप हळूच वर उचलून धरत होता. तेवढी जागा मिळाली, तरच खांदा मागे जात होता. आणि मित्रांनो, आपण असं करतो, हे तिचं तिलाच माहीत नव्हतं.

"मीही तेच करतो," दारातून काका म्हणाले. अबोला तिथेच संपला.

ताईने त्या झडपेचा कोपरा कापून दुसरा नमुना केला. यावेळी कंपनीत एक मुलगी बोलावली, मला वळवताना तिने कधीच कुणाला पाहिलं नव्हतं. हिशेब खात्यातल्या बाईंची लेक. तिच्यापुढे नवा रोबो आणि कागद ठेवला आणि खोलीत कुणी ब्र काढायचा नाही असं ठरलं. मलाही शेजारी ठेवलं होतं. मुलगी मधेच थांबली. तोडकाकांनी हात खिशात कोंबले. ताईने ओठ घट्ट मिटले. मुलीने कागद फिरवून पाहिला, खांदा मागे नेला, आणि पिवळी क्रेन टेबलावरून चालवत थेट साहेबांच्या पेनाला जाऊन भिडवली. माझा भाऊ पास झाला.

त्या दिवशी ताई घरी आली ती सरळ काकूंच्या यंत्रापाशी. नवीन रोबो तिने पुढे धरला. काकूंनी हात मागे घेतले. "माझ्याकडे नको गं. परत मोडेल."

"काकू, तू मोडलंच नव्हतंस," ताई म्हणाली. "ते मी मोडकं बनवलं होतं. तुझ्या हातात फक्त कळलं." आणि ती रडली.

काकू बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग त्यांनी चष्मा लावला आणि त्या मणीवाल्या बाईंना फोन करून झगा घेऊन यायला सांगितलं.

मी आता तपासणीच्या खोलीतल्या फळीवर असतो. नवीन माणूस कामाला लागला, की मला दाखवून त्याला ही गोष्ट सांगतात. बाकी माझ्याशी कुणी खेळत नाही. वाईट वाटतं कधी कधी, खेळण्याचाच जन्म ना माझा!

म्हणून एवढंच सांगतो. एखादी वस्तू हातात अडली, तर जोर लावू नका. थांबा, फिरवून बघा, कुठे अडतंय ते शोधा. आणि तरी जमलं नाही, तर 'मीच वेंधळा' म्हणून गप्प बसू नका, अडलं म्हणून मोठ्याने सांगा. काकूंनी त्या दुपारी मला हात लावला नसता, तर माझी शेकडो भावंडं तुमच्या घरी आली असती, तुमच्या हातात मोडली असती, आणि ओरडा मात्र तुम्हाला बसला असता.