मागच्या काचेचा डावा कोपरा

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या भावोजींनी, सहा महिन्यांपूर्वी विजेवर चालणारी पिकअप घेतली. माणूस पिकअप कशाला घेतो? सिमेंट न्यायला, पाइप न्यायला, गेलाबाजार गवत न्यायला. भावोजी एका कंपनीत लोकांना कामाची शिस्त शिकवतात आणि घरातला बल्ब गेला की वॉचमनला हाक मारतात. सहा महिन्यांत त्या हौद्यात त्यांनी काही ठेवलंच असेल तर ती त्यांची टोपी, तीही फोटोपुरती.

गाडीची कौतुकं ऐकून आमचे कान किटले होते. ती फोनने उघडते, फोनने गार होते, फोनवर बोट फिरवलं की काचा खाली-वर करते. "आता फोनवरून अक्कल यायचीच काय ती राहिली," असं मी एकदा ताईला म्हणाले, तर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

शेवटी एकदाचं ओझं मिळालं. पोट कमी करण्यासाठी भावोजींनी व्यायामाची सायकल घेतली. जागच्या जागी फिरवायची ती, लोखंडी, चांगली जड. दुकानदाराने हौद्यात चढवून दिली आणि भावोजी तशीच घेऊन निघाले. दोरी बांधायची असते हे गाडीतल्या त्या भल्यामोठ्या पडद्यावर कुठे लिहून आलं नाही, म्हणून बांधली नाही. आता या गाडीचं असं आहे, की पायाचा दाब काढला की ती स्वतःच ब्रेक लावल्यासारखी मंदावते. भावोजी ही जादू येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे. त्या दिवशी सिग्नलपाशी त्यांनी पाय उचलला, गाडी थांबली. सायकल थांबली नाही.

मागच्या काचेचा चुरा झाला. नशीब, मागे कोणी बसलं नव्हतं.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने दोन महिन्यांनंतरची तारीख दिली. तेव्हा कुठे भावोजींना आठवलं, की आपल्या सासऱ्याचं गाड्यांच्या काचा बसवायचं दुकान आहे.

दुकान बाबांचं आहे आणि बारा वर्षं मी त्यांच्या हाताखाली आहे. पत्र्याची शेड, एक लांब टेबल, भिंतीला उभ्या काचा आणि कोपऱ्यात पाण्याचा नळ, एवढाच आमचा पसारा. चाळीस वर्षांत बाबांनी बसवलेली काच गळली म्हणून परत आलेली कोणी पाहिली नाही. पण दोन वर्षांपासून त्यांचे हात थरथरतात. चहाचा कप अर्धाच भरून द्यावा लागतो. त्यांनी आता घरी बसावं असा ताईचा आणि भावोजींचा लकडा होता. घरी बसून काय करायचं, हे त्या दोघांपैकी कोणी सांगत नव्हतं. आई गेल्यावर बाबांना उभं धरलं ते या शेडने. ती सुटली तर ते किती दिवस टिकतील?

तर भावोजी गाडी घेऊन आले. मागच्या भगदाडाला प्लास्टिक लावलेलं. खाली उतरताच बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाले, "काच तू बसव. बाबांनी नुसतं बघावं. गाडी नाजूक आहे, त्यांचे हात आता..."

पुढचं त्यांनी गिळलं, पण जायचं ते गेलंच होतं. माझं डोकं सणकलं. ज्या माणसाला सायकलीला दोरी बांधता येत नाही, तो माझ्या बापाच्या हातांना नावं ठेवतोय!

बाबा मात्र शांतपणे म्हणाले, "जावईबापू, काच मीच बसवणार. बसली की दुसऱ्या दिवशी पाणी मारून बघू. एक थेंब जरी आत आला तरी हत्यारं खाली ठेवीन. कायमची."

"बाबा, तसं नव्हतं म्हणायचं मला."

"मला तसंच म्हणायचंय," बाबा म्हणाले आणि काच मागवण्याआधी चौकट बघायला एप्रन बांधू लागले.

चार दिवसांनी काच आल्यावर आम्ही काम काढलं. आधी गाडीची वीज तोडली, कारण गाडीच्या खांबांच्या आत हवेच्या पिशव्या, म्हणजे एअरबॅग, असतात आणि त्या तोंडावर फुटल्या तर काच राहते बाजूला. मागच्या सीट काढल्या, आतली अस्तरं उतरवली. काचेचे बारीक तुकडे शोधून शोधून व्हॅक्यूमने ओढून घेतले. काच चिकटवायचं जुनं सीलंट चौकटीवरून पात्याने तासून नखाच्या जाडीचा थर ठेवला, खरवडलेल्या जागी प्रायमर लावला. भावोजी स्टुलावर बसून फोनवर हेच काम दुसरा कोणी करतोय त्याचा व्हिडिओ बघत होते. "हा माणूस उजवीकडून सुरू करतोय," असं ते मधूनच सांगत. मी दातओठ खाऊन प्रायमर लावत होते.

मग बाबांनी सीलंटची बंदूक हातात घेतली. ही रेघ ओढायची म्हणजे नाक्यावरच्या मिठाईवाल्याने केकवर नाव काढण्यासारखं काम नाही. ती त्रिकोणी, सारख्या उंचीची लागते आणि मुख्य म्हणजे मध्ये तोडायची नसते. खाली मधोमध सुरुवात, चौकटीभोवती एक फेरी आणि परत मधोमध शेवट. एकच जोड. बाबा ओढू लागले. मी बघत होते आणि बघवत नव्हतं. डाव्या खालच्या कोपऱ्यात त्यांचा हात हलला. रेघेला चार बोटं लांबीची नागमोड आली.

बाबांच्या ते लक्षात आलं की नाही, कळलं नाही. काचेवरून फडकं फिरवायला ते आत गेले. भावोजी फोनमध्ये होते. मी पट्टीने तेवढा भाग खरवडून काढला, बंदूक घेतली आणि सरळ, सुबक चार बोटं ओढून दिली. मिनिटही लागलं नाही. बाबांची लाज राखली म्हणून मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

काच आम्ही दोघांनी सक्शनच्या रबरी वाट्या लावून उचलली, जागेवर टेकवली, दाबली, वरून पट्ट्या चिकटवल्या. तासाभराने वीज जोडून, सीट परत बसवून गाडी सोडताना मी भावोजींना बजावलं, "उद्यापर्यंत एका दाराची काच दोन बोटं उघडी ठेवायची. दार आपटायचं नाही. आत हवा कोंडली तर ओली काच बाहेर ढकलली जाते. आणि फोनशी चाळे करायचे नाहीत. गाडीने सगळ्या काचा आपोआप वर केल्या तर आमची मेहनत पाण्यात."

"दोन बोटं," भावोजींनी स्वतःची बोटं दाखवली. "माझी की तुझी?"

देवा! मी कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली तेव्हा मला हसू आवरेना. चारही दारांवर कागद चिकटवले होते: 'कृपया दार आपटू नये. काच ओली आहे.' खाली सही आणि तारीख. उघड्या फटीवर ताईची जुनी ओढणी चिकटपट्टीने डकवलेली. कामाची शिस्त शिकवणाराच तो, कागदाशिवाय त्याचं चालायचं कसं!

मी टॉर्च घेऊन आत मागच्या बाजूला बसले. बाहेर बाबांनी पाइप धरला. पाणी काचेवरून ओघळत होतं, मी कडेकडेने प्रकाश फिरवत होते. वरची कड कोरडी. उजवी कोरडी. डाव्या खालच्या कोपऱ्यात काहीतरी चमकलं, फुगलं आणि आतल्या पत्र्यावरून घरंगळलं.

एक थेंब. मग दुसरा.

कोपरा कुठला ते मला त्याच क्षणी कळलं होतं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. मी बाहेर उडी मारली आणि भावोजींवर तुटून पडले. "केलेत ना चाळे? सांगितलं होतं ना! रात्री फोनवर बोट फिरवलं असणार, काचा वर झाल्या असणार, वर दार आपटलं असणार. एक दिवस, फक्त एक दिवस त्या खेळण्याला हात लावू नका म्हटलं होतं!"

भावोजी आवाज न चढवता फोन माझ्यासमोर धरून उभे राहिले. गाडी सगळं लिहून ठेवते. कोणतं दार कधी उघडलं, कोणती काच कधी हलली, सगळं. काल संध्याकाळपासून एक काच उघडी ती उघडीच. दार सकाळी एकदा उघडलं होतं.

"काल ऑफिसच्या जेवणाला मी बसने गेलो," ते म्हणाले. "आणि मुलं खाली खेळत होती तोवर गाडीपाशी खुर्ची टाकून बसलो होतो."

मी टॉर्च बंद केला.

बाबांनी पाइप बंद केला. आत वाकून कोपरा बघितला. मग सरळ झाले आणि एप्रनची गाठ सोडू लागले. गाठ लवकर सुटेना, तेव्हा भावोजी पुढे झाले. "बाबा, ते बोलणं राहू द्या. थोडं गळलं तर गळू दे, मी टॉवेल ठेवीन. कोणाला सांगणार नाही मी."

"बोललो ते बोललो," बाबा म्हणाले. एप्रनची घडी करून त्यांनी टेबलावर ठेवली, तिच्यावर पातं ठेवलं, पात्याशेजारी बंदूक. चाळीस वर्षांचं सगळं टेबलाच्या एका कोपऱ्यात मावलं.

आता सांगायला हवं, आता, असं मी मनात म्हणत होते आणि जीभ उचलत नव्हती. भावोजींसमोर सांगायचं? या माणसासमोर? बाप कायमचा घरी बसायला निघाला होता आणि मला माझ्या नाकाची पडली होती. इतकी हलकट मी आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

"पण काच काढू," बाबा म्हणाले. "का गळली ते बघितल्याशिवाय मी जायचा नाही."

तार ओवून आम्ही सीलंट कापलं. अजून मऊ होतं, काच सहज सुटली. बाबा चौकटीवर वाकले. डाव्या कोपऱ्यात दोन ठिकाणी रेघ तुटून परत सुरू झालेली स्पष्ट दिसत होती. पहिल्या थरावर साय धरली होती आणि माझा थर तिच्यावर नुसता टेकला होता, चिकटला नव्हता. मधल्या फटीत पाणी होतं. बाबांनी एका जोडावर अंगठा ठेवला, मग दुसऱ्या. माझ्याकडे बघितलंही नाही.

"बरोबर," ते भावोजींना म्हणाले. "माझाच हात चुकला."

त्यांना कळलं होतं. आंधळ्यालाही कळलं असतं. तरी ते माझ्यासाठी खोटं बोलले आणि ते ऐकून मला रडू फुटलं.

"भावोजी, तो कोपरा माझा आहे," मी म्हणाले. "बाबांनी केला होता तो मी खरवडून परत केला. त्यांच्या पाठीमागे."

"का?" भावोजींनी विचारलं. टोमणा नव्हता त्यात, खरंच विचारलं.

"त्यांचा हात हलला होता."

भावोजींनी टेबलावरच्या एप्रनकडे बघितलं. "म्हणजे तुलाही तेच वाटत होतं," ते म्हणाले. "मी निदान तोंडावर बोललो."

सहा महिने मी या माणसाची टिंगल करत होते. त्याने एका वाक्यात मला चारी मुंड्या चीत केलं आणि त्याच्या चेहऱ्यावर आनंदसुद्धा नव्हता.

बाबांनी एप्रन परत बांधला. या वेळी गाठ मी मारली, त्यांनी मारू दिली. चौकट तासून, पुसून त्यांनी बंदूक उचलली. मी पहिल्यांदा नजर न वळवता बघितलं. बंदूक हवेत होती तोवर हात थरथरत होता. नळी पत्र्याला टेकली आणि हात थांबला. कोपऱ्यात आला तसा किंचित हलला, रेघ नागमोडी झाली, बाबा पुढे गेले.

"काच बसली की हे दबून सपाट होतं," ते रेघेकडे बघतच म्हणाले. "नागमोडीतून पाणी येत नाही. तोडलं की येतं. बारा वर्षांत एवढं तरी विचारायचंस."

मी सक्शन उचलायला वळले.

"तू राहू दे," बाबा म्हणाले. "दुसरी बाजू जावईबापू धरतील."

भावोजींनी माझे हातमोजे घातले. त्यांना ते घट्ट होत होते. सक्शन उलटं लावलं, मग सुलटं लावलं, काच उचलताना कण्हले. बाबा "हळू, जावईबापू, अजून हळू" म्हणत होते आणि ते जीव मुठीत धरून हळू चालत होते. हसण्यासारखं पुष्कळ होतं. मला हसता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता पाण्याचा पाइप माझ्या हातात होता. आत टॉर्च घेऊन भावोजी गुडघ्यांवर बसले होते, सीट ओली होऊ नये म्हणून खाली ताईची ओढणी अंथरून.

"डाव्या कोपऱ्यावर मार," बाबा म्हणाले. "अजून मार."

मी मारत राहिले. आतून भावोजींचा आवाज आला, "कोरडं आहे, बाबा."