सभागृहाचं धाकटं कवाड

दार बाहेरून येणाऱ्या राजाचं, की आत बसलेल्यांचं? मी कितीदा विचारलं, कुणी सांगितलंच नाही. मी खोक्याच्या फळ्यांचं कवाड बोलतोय. माझ्या अंगावर काय छापलंय, तेही मला वाचता येत नाही. मला कोण उत्तर देणार?

इथे आखातात, उम्म अल हस्सम वस्तीतल्या आपल्या दुकानात गुंडू सुतारांनी आम्हा दोन कवाडांना जोडलं. उजवा तो थोरला, डावा मी. इथल्या मराठी मंडळाच्या नाटकातल्या सभागृहाचं दार आम्ही. गोष्ट अशी, की पाच सभासद सभागृहात राजाविरुद्ध बोलतात. तिथं बोलल्याबद्दल कुणाला धरायचं नाही, हा सभेचा हक्क. राजा तो मोडतो, त्यांना पकडायला येतो. दार तुटेपर्यंत पाचही जण मागच्या खिडकीतून निसटतात.

राजा झाले जमालभाई. त्यांची लाथ बसली की मी ताडकन उघडायला निघायचो. थोरला मला दाबून धरायचा. "थांब रे जरा," म्हणायचा.

"जमालभाई, हळू! नाटकातलं दार आहे," गुंडू ओरडायचे.

"अरे, राजा काय हळू लाथ मारतो?"

"राजाने विचारून यावं, मग लाथच लागत नाही," पाचांतली रंजिता म्हणायची. सगळे हसायचे.

गेल्या आठवड्यात तालमीतच थोरला मधोमध चिरला.

"खलास," गुंडू म्हणाले. जमालभाई चिरेवरून हात फिरवत राहिले. मी करकरत होतो. गुंडूंना वाटलं, बिजागरीला तेल हवंय. घातलं तेल.

मग गुंडूंनी चौकट माझ्या एकट्यापुरती अरुंद केली. थोरल्याची एक पट्टी कापून माझ्या पाठीला अडसर लावला.

आज जुफैरच्या हॉलमध्ये प्रयोग झाला. चौघे निसटले. रंजिताचा झगा मात्र खिडकीच्या खिळ्यात अडकला. बाहेरच्या राजाला काय ठाऊक! पहिली लाथ बसली.

"अगं, ओढ ना!" खिडकीपलीकडून कुणीतरी कुजबुजलं.

"ओढतेय! निघत नाहीये!"

दुसरी लाथ. वाटलं, पडावं एकदाचं. पण पाठीवर थोरला होता. तिसरी लाथ बसली, तेव्हा झगा टरकन फाटला. रंजिताचा पाय खिडकीबाहेर जाईपर्यंत मी उभा राहिलो.

मग मी बिजागऱ्या सोडल्या. राजा माझ्यावरून चालत रिकाम्या सभागृहात आला.