वाळूवरच्या दोन रेषा

माघातली उतरती दुपार. निळा-करडा समुद्र, रुपेरी किनारा, आणि दोहोंच्या मध्ये ओहोटीने उलगडून ठेवलेली ओली, आरसपानी वाळू. त्या आरशात एक घार फिरते. वर एक, खाली एक.

सुरूच्या बनातून नवा उतार येतो. गुळगुळीत, सिमेंटचा, दोन्ही बाजूंना चकचकीत कठडे. टोकाला चाकाच्या खुर्चीचं निळं चित्र.

चित्रापाशी उतार संपतो.

संपतो म्हणजे संपतोच. पुढे कोरडी, मऊ, चाकं गिळणारी वाळू. तिच्याही पुढे समुद्र.

हेमांगीची खुर्ची तिथेच रुतली.

"ताई, उचलतो," दिगंबर म्हणाला. धाकटा भाऊ. देवळांच्या पायऱ्या, गडांचे दरवाजे, लेण्यांचे चढ, सगळं तिने त्याच्या खांद्यावरून पाहिलेलं. प्रत्येक दृश्याला त्याच्या घामाचा वास.

"नको."

"पाठ शाबूत आहे माझी अजून."

"तुझी पाठ आहे रे शाबूत. उचलून घ्यायला मीच वैतागलेय."

समुद्रापर्यंत जायचं ते आपल्या हातांनी. नाहीतर वाटेतूनच मागे. निघतानाच तिने बजावलं होतं.

समुद्र मागे सरकत होता. सावकाश. कुणासाठीही न थांबता.

डावीकडे

होडी.

मत्स्यगंधी, जलजड, काळ्या पोटाची होडी वाळूवर चढत होती. कोळी पुढे फळ्या टाकत, होडी ओढत. मागची फळी उचलून पुन्हा पुढे. मागची पुढे. मागची पुढे. एवढी अवजड होडी, पण वाळूला ती गिळता येत नव्हती.

होडी वर आली. हेमांगीने हाक मारली, "ओ तांडेल! त्या फळ्या द्याल जरा?"

होडीचा म्होरक्या, भिकाजी तांडेल, आला. खुर्ची पाहिली, वाळू पाहिली. "फळयो कित्याक, बाय? चौघे आसंव, उचलून नेतंव."

"होडी उचलून नेता?"

"होडयेक कोण उचलता!"

"मग?"

तांडेल हसला. फळ्या आल्या. सवयीच्या हातांनी त्या आडव्या मांडल्या, होडीसाठी मांडतात तशा. चाकं धडधडली, हेमांगीचे दात वाजले.

"आडव्या नको! उभ्या घाला!"

"होडी कधी बोलणा नाय," तांडेल मागे वळून ओरडला, "ही बोलता!"

हशा पिकला. फळ्या उभ्या झाल्या. चाकाखाली एक, चाकाखाली एक. मागची पुढे. मागची पुढे. ढकलणारे हात तिचेच; लाल झालेले, खारे झालेले.

मग वाळू ओली झाली. ओली, घट्ट, थंड.

"पुरे," ती म्हणाली.

फळ्या थांबल्या. दिगंबरचं पाऊल पुढे आलं. मागे न पाहताच तिने हात वर केला. तो शेवटच्या फळीवर उभा राहिला. रिकामे हात कमरेवर ठेवले, मग खिशात, मग पाठीमागे.

आरशातली घार हलली.

ओल्या वाळूत दोन रेषा निघाल्या. सावकाश, समांतर, जराशा वाकड्या. त्यांच्या बाजूला एकही पाऊल नाही.

लाट आली. चाकं भिजली. पावलं भिजली, पावलांना कळलं नाही. तिने हात खाली सोडला. हाताला कळलं.

लाट परतली. रेषांत पाणी उरलं, पाण्यात आभाळ उरलं. दोन अरुंद आभाळं, फळीपासून समुद्रापर्यंत.