पैलपुऱ्यातली ओसरी

नागपूर अजून मध्यप्रदेशाची राजधानी होतं, त्या वर्षांतली ही गोष्ट. तांडापेठेत शालिकराम नावाचा विणकर राहत असे. घरात तो आणि त्याची बायको वच्छलाबाई, दोघंच. एकुलती मुलगी उमरेडला दिलेली. तो मागावर बसे आणि ती शेजारी रहाटावर त्याच्यासाठी सुताच्या कांड्या भरून देई. असं करत करत दोघांचे केस पांढरे झाले होते.

त्या वर्षी दिवाळीनंतर वच्छलाबाईचे गुडघे धरले. रहाटावरून उठलं की भिंतीला हात टेकून थोडा वेळ तसंच उभं राहावं लागे. सदर भागातल्या डॉक्टरांनी शेकायला सांगितलं, महाल भागातल्या वैद्यांनी तेल दिलं. शेवटी वैद्यच म्हणाले, "तेलानं भागत नाही बाई. ऊनझरीला जा. पौष महिना तिथल्या कुंडात बस."

ऊनझरी सातपुड्याच्या पायथ्याशी. नागपुरातल्या इतवारीहून छिंदवाड्याकडे जाणारी छोटी गाडी सौंसरच्या पुढे एका लहानशा ठेसनावर थांबे, आणि तिथून बैलगाडीनं जावं लागे. गावात जमिनीतून कढत पाणी वर येई. हिवाळ्यात दूरदूरची दुखणाईत माणसं तिथं येत, म्हणून खोली आधी सांगून ठेवावी लागे.

ते काम भैयाजीनं अंगावर घेतलं. भैयाजी लुगड्यांचा दलाल, सौंसरच्या बाजूला त्याच्या फेऱ्या असत. एका संध्याकाळी येऊन तो उंबरठ्यावर टेकला.

"खोली करून ठेवतो," तो म्हणाला. "पण कोण्या पुऱ्यात पायजे ते सांगा. कुंडपुरा आहे, तो कुंडाले लागून. धर्मशाळा तिथीच, दारातून निघालं की पाणी. पण गर्दी गंज, पाय ठेवाले जागा नाही. मंग बाजारओळ. तिथी दुकानं, हाटेल, बत्ती. अन् तिसरा पैलपुरा, नदीच्या पल्याड. तिथी माळी लोकायची घरं आहेत. तिकडं कोणी जात नाही."

"कुंडपुरा," शालिकराम लगेच म्हणाला. "पायासाठीच तर जाऊन राहिलो."

 पक्कं काय ते विचारायला भैयाजी काही दिवसांनी पुन्हा येणार होता. तो गेल्यावर वच्छलाबाई पुन्हा कांडी भरू लागली. तिच्यासमोर रुख्माबाई बसली होती.

रुख्माबाई दोन घरं सोडून राहणारी म्हातारी विधवा. मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी येऊन ती हातभार लावी. खूप वर्षांपूर्वी तीही नवऱ्याला घेऊन ऊनझरीला गेली होती, एवढं पेठेत सगळ्यांना ठाऊक होतं.

"मावशी, तुमी कुठी उतरल्या होत्या?" वच्छलाबाईनं विचारलं.

रुख्माबाईनं आधी सुताचं टोक शोधून काढलं. मग म्हणाली, "पैलपुऱ्यात."

आणि त्या संध्याकाळपासून ती सांगू लागली. पैलपुऱ्यात सखूबाई माळणीचं घर आहे, नदीकडे तोंड केलेलं. त्याला मातीची लांब ओसरी. पहाटे पल्याडच्या कुंडावरून वाफ उठते आणि नदीवर पसरते, मग पाणी दिसत नाही, नुसता पांढरा रस्ता दिसतो. ऊन आलं की तो रस्ता हळूहळू विरतो आणि खालून दगड वर येतात. दुपारी ओसरीवर वालाच्या शेंगा वाळत घातलेल्या असतात. आत खोलीत मागच्या अंगाला खिडकी आहे, तिच्यातून पेरूची बाग आणि तिच्यामागे डोंगर दिसतात. रात्री झोपलं तरी पाण्याचा आवाज उशाशी असतो.

रोज ती थोडं थोडं सांगे. रहाट फिरत राही, मागाचा धोटा इकडून तिकडे जाई, आणि तांडापेठेच्या त्या धुरकट खोलीत नदी येऊन बसे. वच्छलाबाई झोपताना डोळे मिटले की त्या ओसरीवर चढे. कोणती पायरी मोडकी आहे हेही तिला माहीत झालं. एकदा झोपेतच ती म्हणाली, "शेंगा आत घ्या," आणि शालिकराम अंधारात उठून बसला.

सकाळी तिनं सांगून टाकलं, "मले पैलपुऱ्यात राहाचं आहे."

"अवं, नदी आहे मधात. रोज दोनदा ओलांडाची. तुह्यानं आंगणातून सडकेवर जाणं होत नाही."

"होईल."

"काहून पण?"

 कुंडपुऱ्यात गेलं तर आपण दुखणाईत होऊ, पैलपुऱ्यात गेलं तर पाहुणे होऊ, असं काहीसं तिच्या मनात होतं. ती एवढंच म्हणाली, "आजवर मी कुठी राहाचं हे कोणी मले विचारलं नाही. आता भैयाजीनं विचारलं."

शालिकराम दिवसभर काम करत राहिला. संध्याकाळी भैयाजी आला तेव्हा मागावरून न उतरताच म्हणाला, "पैलपुरा. सखूबाईचं घर."

पौष लागला तसे ते निघाले. छोट्या गाडीत वच्छलाबाई खिडकीशी बसली. सावनेर गेलं, संत्र्यांच्या बागा गेल्या, मग टेकड्या जवळ जवळ येऊ लागल्या. बैलगाडी ऊनझरीत शिरली तेव्हा उन्हं उतरली होती. कुंडपुऱ्यात माणसंच माणसं, ओल्या कपड्यांच्या रांगा, गंधकाचा वास. गाडीवान नदीच्या काठाशी थांबला.

"पुढं गाडी नाही जात. दगड आहेत. पायी जावं लागते."

शालिकरामानं वळकटी डोक्यावर घेतली आणि एक हात तिला दिला. वच्छलाबाईनं लुगडं वर खोचून पाण्यात पाय घातला आणि थांबली. पाणी ऊन होतं. कुंडाचं वाहून आलेलं पाणी तिथंच नदीत मिसळत होतं. दोन पावलांवर ते कोमट झालं, मध्यावर गार, आणि पुन्हा एक ऊन धार पायांना लागून गेली. वाफेतून चालताना तिला पलीकडचा काठ दिसत नव्हता, पण कुठं जायचं ते ठाऊक होतं.

सखूबाई कंदील घेऊन काठावर उभी होती. साठीची, उंच, जाड आवाजाची बाई. "या," ती म्हणाली. "नागपूरवाले ना?"

ओसरी होती. मोडकी पायरीही होती. वच्छलाबाई तिच्यावर पाय न देता वर चढली, तेव्हा सखूबाईनं तिच्याकडे निरखून पाहिलं. पण आत गेल्यावर वच्छलाबाईच थबकली. खोलीला मागच्या अंगाला खिडकी नव्हती. तिथं गोठ्याची भिंत होती. भिंतीपलीकडे गाय रवंथ करत होती आणि खोलीत तिची ऊब येत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरीवर बसून तिनं सखूबाईला विचारलं, "रुख्माबाईच्या वेळी इथी खिडकी होती का? बागेकडे?"

"कोण रुख्माबाई?"

"आमची शेजारीण. तांडापेठेची. नवऱ्याले घेऊन आली होती. तुमच्याच घरी तर राहिली."

सखूबाई शेंगा सोलत होती. तिचे हात थांबले. "लकवा झालेला माणूस होता, तिचा नवरा?"

"हो."

"ती इथी कधी राहिली नाही," सखूबाई म्हणाली. "ती त्या धर्मशाळेत होती. ते पाहा, कोपऱ्यातली खोली. दिवसातून दोनदा माणसाले पाठीवर घेऊन कुंडावर जाये. त्याले सोडून नदी कशी ओलांडन? कपडे धुवाले ती त्या काठावर बसे, मी या काठावर. तिथून बोलणं होये. काय काय विचारे. आज काय रांधलं, ओसरी कधी सारवली, पायरी कशानं मोडली. मी म्हणो, एक डाव ये वं पाहाले. ती म्हणे, येतो. जायाच्या दिवशी तिथून हात केला अन् गेली."

शालिकराम खांबाला टेकून ऐकत होता. सखूबाई आत गेल्यावर तो हळूच म्हणाला, "म्हणजे म्हातारीनं आपल्याले खोटंच सांगतलं."

वच्छलाबाई पलीकडे पाहत होती. "तिथून जेवढं दिसे तेवढं खरंच सांगतलं तिनं," ती म्हणाली. "मागचं तिले दिसत नव्हतं."

दिवस जाऊ लागले. वच्छलाबाई सकाळी आणि संध्याकाळी ऊन पाण्यातून नदी ओलांडे, कुंडात बसे, परत येई. पहिल्या दिवसांत शालिकरामाचा हात लागे, नंतर काठीवर भागू लागलं. गुडघे कुंडानं मोकळे झाले की त्या रोजच्या चालण्यानं, हे तिला कधी कळलं नाही.

एका सकाळी कुंडातून निघाल्यावर ती नदीकडे न वळता धर्मशाळेत गेली. कोपऱ्यातली खोली रिकामी होती. खोलीला एकच लहान खिडकी. तिच्याशी उभं राहून तिनं बाहेर पाहिलं. वाफ विरत होती. खालून एक एक दगड वर येत होता, मग काठ आला, मग घर, मग ओसरी. ओसरीवर एक माणूस बसला होता. उन्हात पाय सोडून, हात मांडीवर ठेवून तो नुसता पाण्याकडे पाहत होता. तो शालिकराम आहे हे ओळखायला तिला क्षण लागला. मागाशिवाय, हातात काही नसलेला असा तिनं त्याला लग्नापासून पाहिला नव्हता. दुरून तो कोणी सुखी, अनोळखी माणूस वाटला. आणि त्याच्या शेजारची ओसरीची जागा मोकळी होती.

 मग खिडकीतून हात बाहेर काढून तिनं हलवला. त्यानं आधी मागं वळून पाहिलं, दुसऱ्या कोणाला असेल म्हणून. मग त्यानंही हात वर केला.

नागपूरला परतल्यावर पहिल्याच संध्याकाळी रुख्माबाई आली. येऊन नेहमीच्या जागी बसली. सूत हातात घेतलं आणि टोक शोधू लागली. वच्छलाबाईनंच सांगायला सुरुवात केली. वाफ, दगड, शेंगा. म्हातारी मान डोलवत राहिली. मग खाली पाहत म्हणाली, "अन् मागच्या अंगाले काय आहे वं?"

"गोठा आहे मावशी. रात्रभर गाईची ऊब येते. ते लोक खोली शेणानं सारवते, अन् कोपऱ्यात गुळाची ढेप ठेवते, म्हणून आत गोड वास येते."

"गुळाचा," रुख्माबाई म्हणाली.

"सखूबाई तुमाले विचारून राहिली होती."

रहाट थांबला. रुख्माबाईनं पदरानं तोंड पुसलं. "मंग समजलं तुले."

"हो."

"मी लबाडी नाही केली वच्छला. हे झोपले की मी खिडकीत बसो. बसल्या बसल्या तिकडंच राहाले जाओ. इतकी राहिली, इतकी राहिली, का नंतर मलेच वाटे मी तिथीच होती. धर्मशाळेचं मले आता काही आठवत नाही."

वच्छलाबाईनं तिच्या हातातलं सूत काढून घेतलं आणि त्या संध्याकाळी दोघींनी पुढं काम केलं नाही.

पुढच्या वर्षी भैयाजी विचारायला आला, तेव्हा कोणी काही म्हणायच्या आत शालिकराम बोलला, "पैलपुरा. तिघंजण आहो आमी."

रुख्माबाईनं नदी ओलांडली ती एका बाजूनं शालिकरामाला आणि दुसऱ्या बाजूनं वच्छलाबाईला धरून. मध्यावर आल्यावर ती थांबली. समोरून सखूबाई लुगडं भिजत असलं तरी पाण्यात उतरून येत होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. एवढ्या जवळून त्या प्रथमच भेटत होत्या, आणि दोघीही म्हाताऱ्या झाल्या होत्या.

"किती उशीर केला वं," सखूबाई म्हणाली.

ओसरीवर बसून रुख्माबाई नदी पाहत राहील असं वच्छलाबाईला वाटलं होतं. तसं झालं नाही. ती आत गेली, गोठ्याच्या भिंतीला पाठ लावून आडवी झाली, आणि दुसऱ्या दिवशी ऊन अंगणभर पसरेपर्यंत झोपली. सखूबाईनं कोणालाही तिला उठवू दिलं नाही.