अव्वाचा डबा

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला मी सोलापुरात, सात रस्त्याजवळ खोली घेऊन राहायची. जोडीला अकलूजची वैजयंती. आमचं गाव वळसंग, बसनं तासाच्या आतलं, पण रोज ये-जा करून अभ्यास होत नाही म्हणून मी घरात भांडून खोली मिळवली होती. अप्पांनी एकच अट घातली. तब्येत बिघडली की बाडबिस्तरा उचलायचा आणि घरी यायचं, मग वर्ष बुडालं तरी बेहत्तर.

म्हणून अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, डबा सुरू केला. सकाळच्या एसटीनं कंडक्टरच्या हाती भरलेला डबा यायचा. मी स्टँडवर जाऊन तो घ्यायची आणि कालचा रिकामा डबा त्याच गाडीनं परत धाडायची. आमच्या गावची निम्मी पोरं अशीच शिकली. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, पालेभाजी, कधी भरलं वांगं. आता लिहितानाही तोंडाला पाणी सुटतं.

तेव्हा मात्र माझी मिजास लई होती. वर्गातल्या पोरी कॅन्टीनला सँडविच खायच्या, त्यांच्यासमोर भाकरी कोण काढणार? मग डबा खोलीवर वैजयंतीला द्यायची आणि स्वतः चहा-बिस्किटावर दिवस ढकलायची. ती बिचारी चाटूनपुसून खायची. डबा रिकामा जातोय, अव्वा खूश, वैजयंती खूश. स्वतःच्या हुशारीचं मला भारी कौतुक वाटायचं.

चार महिन्यांत जिना चढताना धाप लागायला लागली. केस मूठमूठ गळायला लागले. मी म्हणायची, अभ्यासाचा ताण, दुसरं काय! एक दिवस प्रयोगशाळेत चक्कर येऊन धाडकन पडले. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सात. डॉक्टरीणबाईंनी चांगलंच झापलं. गोळ्या दिल्या, पण वेळेवर जेवणार नसशील तर गोळ्या काय करतील, असं तोंडावर सांगितलं. वैजयंतीनं मला न विचारता अव्वाला फोन लावला. मी तिच्याशी दिवसभर बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी डब्याबरोबर अव्वाच आली. ही अप्पांना सांगणार, खोली सुटणार, वर्ष जाणार. अव्वानं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा वैजयंतीच्या गुबगुबीत गालांकडं, आणि तिला काय ते समजलं. वैजयंती रडायलाच लागली. अव्वानं तिला जवळ घेतलं आणि चटणी तिखट तर होत नव्हती ना, एवढंच विचारलं. मला वाटलं, सुटले. मग ती माझ्याकडं वळली.

"डबा रिकामा आला की मग मी ताटावर बसायची, राजी. लेक जेवली म्हणून जेवायची. इतके दिस मला खोटंच जेवाय घातलंस की गं तू."

मला हे ठाऊकच नव्हतं. वळसंगला गाडी पोचायची, रिकामा डबा हातात यायचा, तेव्हा कुठं ही बाई दिवसाचा पहिला घास घ्यायची. गाडी वाटेत बंद पडली तर चार वाजेपर्यंत तशीच. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी तिथंच फरशीवर बसले आणि रडत रडत दोन भाकऱ्या खाल्ल्या. अव्वा समोर बसून बघत होती.

अप्पांना तिनं काय सांगितलं कोण जाणे, पण खोली राहिली आणि वर्षही वाचलं. दुसऱ्या दिवसापासून वैजयंतीसाठी वेगळा डबा यायला लागला. उन्हाळ्यापर्यंत माझं हिमोग्लोबिन अकराच्या वर गेलं.

आता मी सोलापुरातच कॉलेजात शिकवते. सुकलेल्या तोंडाची पोरगी दिसली की जेवलीस का म्हणून विचारते. ती हो म्हणते, माझा विश्वास बसत नाही.

गेल्या वर्षी अव्वा गेली. मी अजून वेळेवर जेवते, पोटभर जेवते. पण हात धुताना रोज जीव कासावीस होतो. मी जेवले, हे आता कुणाला कळवू?