वीतभर सरहद्द

जागेश्वर कोष्ट्याला देशाच्या सरहद्दीची जितकी काळजी होती, तितकी दिल्लीत कोणाला असेल असं त्याला वाटत नव्हतं. एकोणीसशे एकोणसाठची दिवाळी तोंडावर आली होती. लडाखात चिन्यांनी आपले शिपाई मारल्याची बातमी आली, त्या दिवशी त्याने माग बंद ठेवला. संध्याकाळी ओट्यावर बसून गल्लीतल्या विणकरांना ती बातमी दोनदा वाचून दाखवली. पाच वर्षांपूर्वी याच ओट्यावर त्याने पंचशील समजावून सांगितलं होतं आणि चिनी भावांच्या नावाने गूळ वाटला होता. आता तो म्हणे, शेजाऱ्याला बोट दिलं की तो हात धरतो. आधी लाइन आखायची, मग बोलायचं, आणि वीतभरही सोडायचं नाही.

ऐकणाऱ्यांत भिंतीला भिंत लावून राहणारा ताराचंदही असे. तो मान डोलवायचा. त्याच आठवड्यात त्याने आपल्या ओट्याला दगडी पायरी बसवली, आणि ती जागेश्वराच्या अंगणात बरोबर वीतभर शिरली. दगडच लांब निघाला, असं ताराचंदचं म्हणणं. दगड आपल्या पायांनी चालत आला नाही, असं जागेश्वराचं.

जागेश्वराची बायको तुळजाबाई म्हणाली, जाऊन चहा प्या आणि बोलून टाका. पण ज्याने साऱ्या गल्लीला परराष्ट्र धोरण शिकवलं, त्याने चहावर भागवायचं म्हणजे नाक कापून घेणंच की! घर पांढरं करायला भिजवलेला चुना शिल्लक होता. जागेश्वराने तो घेऊन भिंतीपासून गल्लीच्या पार पलीकडल्या नालीपर्यंत लाइन ओढली. ताराचंदच्या घरचं माणूस, बकरी, कोंबडी, कोणीही ही लाइन ओलांडायची नाही, असं त्याने मोठ्याने जाहीर केलं. ताराचंद बाहेर आला, लाइन पाहिली, आणि मग तिकडचंही कोणी इकडे यायचं नाही, एवढं सांगून आत गेला. गुलाबचंद पानवाला समेट करायला आला होता. दोघांनीही त्याला दुसऱ्याचा माणूस ठरवलं, तेव्हा तो बिचारा दोघांना दिलेल्या पानांचे पैसेही न मागता परत गेला.

जागेश्वराने लाइनीजवळ बाज टाकली आणि पहारा सुरू केला. पहारा म्हटलं की विणकाम कुठलं! माग आत रिकामा. दुपारी ताराचंदची कोंबडी निर्धास्त इकडे आली, तेव्हा त्याने तिला टोपलीखाली अटक केली. कोंबडीने टोपलीत अंडं घातलं. आता हे अंडं कोणत्या देशाचं, याचा तो विचार करत होता, तोवर तुळजाबाईने कोंबडी आणि अंडं दोन्ही परसाच्या भिंतीवरून ताराचंदच्या बायकोकडे, मैनाबाईकडे पोचवलं. येताना ती तिकडून वाटीभर झुणका घेऊन आली. जागेश्वराने तो खाल्ला आणि कुठून आला ते विचारलं नाही.

असे दिवस गेले असते. पण मार्गशीर्षात त्याच्या चंद्रकलाचं लग्न होतं. लेकीचं लुगडं आपण विणणार, हे त्याने ती रांगत होती तेव्हाच ठरवलं होतं. डाळिंबी काठाचं सूत त्याने स्वतः निवडून ठेवलं होतं. आता उशीर केला तर लुगडं मागावरून वेळेत उतरणार नव्हतं. म्हणून एका सकाळी तुळजाबाईने खळ शिजवली. सुतावर खळीचा कुंचा फिरवायला जागेश्वराने चार दिवस आधीच सांगून ठेवलेला रामाजी नावाचा मजूर आला, आणि ताण्याचं टोक खांद्यावर घेऊन जागेश्वर निघाला. चार पावलं चालला आणि थांबला.

उभ्या धाग्यांचा ताणा खळ लावायला गल्लीत लांबच लांब पसरावा लागतो. कोष्ट्यांच्या गल्लीत तो शेजाऱ्याच्या दारापुढूनच जातो. लाइन गल्लीच्या मधोमध पडली होती, आणि जागेश्वराच्या वाट्याला आलेली अर्धी गल्ली ताण्याला पुरत नव्हती. माणूस, बकरी, कोंबडी, सगळ्यांचा विचार करून त्याने सरहद्द बंद केली होती. ताण्याचा मात्र विसर पडला. बंदोबस्त इतका पक्का झाला की बंदोबस्त करणाराच आत अडकला.

थोडा ताणा त्याने आखूड लावून पाहिला. ओले धागे झोळ पडून मातीला टेकले, एकमेकांना चिकटले, तटातट तुटले. शेजारच्या गल्लीत लग्नसराईचे ताणे आधीच लागलेले. तुळजाबाई खळीचं पातेलं आदळून आत गेली. बोलली ती चंद्रकला, आणि तीही अगदी हळू.

"बाबा, राहू द्या न. गांधीबागेच्या बाजारात मिलचे लुगडे भेटतात. मी तेच नेसीन."

 ती रुसून बोलली असती तर जागेश्वराला सोसलं असतं. त्याने तुटके धागे गाठले, ताणा पुन्हा खांद्यावर घेतला आणि लाइनीपाशी जाऊन उभा राहिला. समोर ताराचंद नव्या पायरीवर रिकाम्या हाताने बसला होता. त्याचाही ताणा घरातच पडून होता. अर्धी गल्ली त्यालाही पुरत नव्हती. गल्लीतले सगळे विणकर दारात आले. वीतभरही सोडायचं नाही, हे ज्यांना सांगितलं होतं तेच सगळे.

"ताराचंद," जागेश्वर म्हणाला, "चंद्रकलाच्या लुगड्याचा ताणा हाये. तुह्या दारापुढून नेऊ दे. पायरी राहू दे तुही, मी काही म्हणत नाही."

"पायरीचं मंग पाहू. माही शर्त येगळी हाये."

जागेश्वराने मनातल्या मनात आणखी दोन वीत जमीन सोडून दिली, ओटाही दिला. "बोल."

"कुंचा कोण मारून राहिला? रामाजी?" ताराचंद उठला. "त्याचा हात जड हाये गा, सूत कापते. मैना म्हणे तू दुसऱ्याले बोलावलं, तवापासून मले जेवण गोड लागून नाही राहिलं. पोरीच्या लुगड्याले कुंचा मी मारीन. कबूल असंल तर आन ताणा."

कोणत्याही सरहद्दीवर तासभर बोलू शकणाऱ्या जागेश्वराने नुसतं ताण्याचं टोक लाइनीपलीकडे पुढे केलं.  ताराचंदने ते घेतलं आणि रामाजीला बाजूला सरकायला सांगितलं.