उलटं करून गुणायचं

गणिताच्या बाई त्या दिवशी प्रशिक्षणाला गेल्या त्या कंबर कसूनच. आदल्या दिवशी वर्गात एका मुलीनं विचारलं होतं, "बाई, अपूर्णांकानं भागताना तो उलटा करून गुणायचं, ते का?" बाई म्हणाल्या, "नियम आहे म्हणून." ही मुलगी म्हणजे त्यांचीच धाकटी. घरी आल्यावर तिनं जखमेवर मीठ चोळलं, "आई, तुलाच माहीत नाही ना?" बाईंना झोंबलं, कारण ते खरं होतं. प्रशिक्षणाच्या दुसऱ्याच दिवशी त्याच वर्गात परत उभं राहायचं होतं.

आणि प्रशिक्षणाचं म्हणाल, तर आनंदीआनंद! सकाळी सगळ्यांनी फुगे फुगवले, मग ते फोडून आतल्या चिठ्ठ्या वाचल्या. 'मूल केंद्रस्थानी' हे चार गटांनी चार रंगांत लिहून भिंतीवर डकवलं. अखेर बाईंनी हात वर करून आपला प्रश्न विचारला. प्रशिक्षक मॅडम गोड हसल्या.

"छान प्रश्न! तो आपण पार्किंगमध्ये ठेवू या." प्रश्न एका चिठ्ठीवर लिहून त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यात चिकटवला. त्या कोपऱ्यातून प्रश्न कधी कुणी बाहेर काढल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

"अहो मॅडम, मला उद्याच शिकवायचंय हे!"

"सकारात्मक राहू या."

बाईंच्या मस्तकात तिडीक गेली. मधल्या सुट्टीत त्यांनी पाण्याच्या टेबलापाशी दुसऱ्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना गाठलं.

सरांनी डोकं खाजवलं. "खरं सांगू? मलाही नीट नाही सांगता येणार. पण करून तर बघू." लिटरचा जग त्यांनी पाऊण भरला. कागदी पेला लिटरचा आठवा भाग धरला आणि ओतायला लागले. बरोब्बर सहा पेले भरले.

"पाऊण भागिले एक अष्टमांश, उत्तर सहा," सर म्हणाले.

"उत्तर मलाही येतं हो! पण उलटा का करायचा?"

आतून टाळ्या ऐकू आल्या. "चला चला, गोलात उभे राहा!" सर चुळबुळले, बाई मात्र जागच्या हलेनात.

"सर, भरलेल्या लिटरात किती पेले?"

"आठ."

"मग पाऊण लिटरात आठाचे पाऊण! म्हणजे आपण आठानं गुणलंच की!"

"अरेच्चा! खरंच की!"

टेबलावर पाणीच पाणी झालं होतं. दोघं आत गेले, तोवर हजेरी होऊन गेली होती.

"तुम्हा दोघांना पुढच्या महिन्यात हे सगळं परत करावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "शिकायची इच्छा हवी, बाई."

प्रशिक्षण सुटताच बाईंनी तडक घर गाठलं. पर्स खांद्यावर तशीच ठेवून स्वयंपाकघरात पातेलं आणि वाटी घेतली, धाकटीला हाक मारली आणि पाणी ओतून दाखवलं.

"हात्तिच्या! एवढंच?" धाकटी हसली. "आता कळलं!"

बाईंचा दिवसभराचा राग उतरायला लागला. तेवढ्यात त्यांचं लक्ष दाराकडे गेलं. थोरली तिथं उभी राहून सगळं बघत होती. तीही आईच्याच वर्गात शिकलेली, आणि शाळा संपताच तिनं गणिताला रामराम ठोकला होता.

"मीही हेच विचारलं होतं, आई," ती म्हणाली. "तेव्हा तू म्हणालीस, गणित तुझ्या डोक्याबाहेरचं आहे. मी ते खरं मानलं."